मासा हवा, तळणीचा पसारा नको

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं आखडून:

घरात पाच माणसं. त्या, नवरा, सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. आठवडाभर नोकरी, म्हणून मासा रविवारी. आणि मासा म्हणजे तळलेलाच. कढईभर तेल, तीन घाणे, दहा-बारा तुकड्या. स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, त्यामुळे वास पडद्यांना धरतो तो मंगळवारपर्यंत सोडत नाही. तळायला अर्धा तास लागतो. मग शेगडी, टाइल्स, पंख्याची जाळी, ओट्याखालची फरशी हे सगळं पुसायला दीड तास. मागच्या महिन्यात त्या ओशट फरशीवरून घसरल्या, थोडक्यात वाचल्या. उरलेल्या तेलाला माशाचा वास, म्हणून ते पुन्हा वापरवत नाही आणि टाकायचं कुठे तेही कळत नाही. सिंकखाली अशा तीन बाटल्या जमल्या आहेत.

एकदा त्यांनी ओव्हनमध्ये मासा करून पाहिला. तो मऊ, पाणचट झाला, वर पांढऱ्या गुठळ्या आल्या. मुलाने ताट सरकवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या रविवारी सकाळी कढई ओट्यावर काढून ठेवलेली होती.

नवऱ्याचं म्हणणं, एअर फ्रायर घेऊ. त्यांच्या स्वतःच्या मनात येतं, घरात मासा करणंच बंद करावं. त्या विचारतात: "तळल्यासारखाच लागेल, पण पसारा होणार नाही अशी पद्धत आहे का? आणि खरं सांगा, मी आळशी झाले आहे का?"

*

आधी दुसरा प्रश्न, कारण तो लवकर संपतो. नाही, झालेला नाहीत. ज्या कामात रांधण्याच्या तिप्पट वेळ पुसण्यात जातो, त्याचा कंटाळा न येणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. हा कंटाळा घरातल्या बाकी चौघांना का येत नाही, याचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. फडकं त्यांच्या हातात नसतं.

पहिल्या प्रश्नात मात्र मी जरा अडले. "तळल्यासारखाच" म्हणजे नेमकं काय हवं आहे? पुढच्या वेळी तळताना कढईत नीट बघा. तुकडी तेलात सोडली की जे बुडबुडे उसळतात ते तेलाचे नसतात. तेल १८० अंशांना उकळत नाही. ती माशातल्या पाण्याची वाफ असते, बाहेर पळणारी. म्हणजे वरचं कवच सोडलं तर तळलेला मासा आतून वाफेवरच शिजतो, कारण जोवर आत पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. तेल फक्त बाहेरचा अर्धा मिलीमीटर करतं. तो कोरडा करतं, खरपूस करतं, त्याला रंग देतं. तुमच्या मुलाला आवडतो तो हा अर्धा मिलीमीटर. बाकीचा मासा ओव्हनमध्ये, पातेल्यात, कागदाच्या पुडीत तितकाच चांगला शिजतो, कित्येकदा जास्तच चांगला.

हे लक्षात आलं की प्रश्न बदलतो. कवच वेगळं करता येईल का? येतं. पण त्याआधी पसाऱ्याबद्दल बोलू, कारण तुम्ही सगळा दोष तेलावर टाकला आहे आणि खरा गुन्हेगार पाणी आहे.

तडतड कशी होते बघा. माशाच्या अंगावरचा पाण्याचा थेंब तेलापेक्षा जड, म्हणून तो खाली बुडतो. तिथे त्याची एका क्षणात वाफ होते. एक मिलिलीटर पाण्याची दीड लिटरहून जास्त वाफ होते, आणि तेवढी वाफ वरच्या तेलाला उडवत बाहेर पडते. जे मोठे शिंतोडे हातावर येतात ते आपल्याला दिसतात. बारीक तुषार दिसत नाहीत. ते हवेत तरंगतात आणि मग टाइल्सवर, पडद्यांवर, केसांत जाऊन बसतात. मंगळवारी येणारा वास या बारीक तेलाचाच.

म्हणून पद्धत कोणतीही निवडा, पहिलं काम मासा कोरडा करणं. धुऊन, निथळून, मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं तिरक्या ताटलीत ठेवा. मीठ पाणी बाहेर ओढतं. ते पाणी ओतून टाका आणि प्रत्येक तुकडी टिश्यूने किंवा जुन्या स्वच्छ सुती फडक्याने दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. चोळू नका, दाबून टिपा. फडकं ओलं झालं की दुसरं घ्या. ओला मसाला लावून मुरवत असाल तर तो जाडसर वाटा, आणि शिजवायच्या आधी जास्तीचा निपटून काढा. लिंबू किंवा दही लावून तासन् तास ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. आंबटाने माशाचा वरचा थर आधीच शिजल्यासारखा पांढरा होतो आणि पाणी सोडत राहतो. वीस मिनिटं पुरे. पीठ, रवा, पावाचा चुरा, जे काही लावायचं ते अगदी शेवटी, तव्यावर टाकण्याच्या मिनिटभर आधी. लावून ठेवलेलं पीठ ओलं होतं आणि मग तेच तेलात सुटून जळतं.

एवढ्या एका गोष्टीने तळणीचे शिंतोडे निम्म्यावर आले नाहीत तर मला पुन्हा लिहा.

आता ओव्हन. तुमचा मासा फसला तो ओव्हनमुळे नाही. तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते की मसाला ओला होता, सगळ्या तुकड्या एका ट्रेमध्ये एकमेकींना चिकटून होत्या, आणि "कच्चा राहायला नको" म्हणून तो पंचवीस मिनिटं तरी आत होता. त्या पांढऱ्या गुठळ्या म्हणजे माशातलंच प्रथिन. जास्त आच लागली की स्नायू आवळले जातात आणि ते पिळून बाहेर येतं. खायला त्यात काही वाईट नाही, पण ती माशाची तक्रार समजा. फार वेळ ठेवलंत, असं तो सांगतो.

कवच असं करा. दीड वाटी पावाचा जाडसर चुरा घ्या. पाव एक दिवस शिळा असेल तर उत्तम. कढईत तीन चमचे तेल घाला, चुरा टाका आणि मंद आचेवर हलवत राहा. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, चुरा नुसता ओलसर दिसतो. मग उलथन्याचा आवाज बदलतो. मऊ सरसर जाऊन वाळूत चमचा फिरवल्यासारखी खरखर येते. त्यानंतर रंग भराभर चढतो, तेव्हा शेगडी सोडून जाऊ नका. बदामी झाला की लगेच ताटात काढा, कारण कढईच्या उष्णतेने तो पुढेही भाजत राहतो. मीठ, तिखट, बारीक चिरलेला लसूण किंवा कोथिंबीर आता मिसळा, आधी नाही, लसूण करपतो. हा चुरा डब्यात दोन-चार दिवस राहतो, त्यामुळे शनिवारी रात्रीच करून ठेवता येतो. लसूण-कोथिंबीर घालायची असेल तर ती मात्र रविवारीच घाला.

मासा कोरडा केलेला आहेच. त्याच्या फक्त वरच्या बाजूला दह्याचा किंवा फेटलेल्या अंड्याचा पातळ हात फिरवा आणि त्यावर चुरा दाबून बसवा. खालच्या बाजूला काही लावू नका. खाली लावलेला चुरा माशाच्या पाण्याने भिजून लगदा होतो आणि तो लगदा खाल्ल्यावर माणसं म्हणतात, ओव्हनमधला मासा पाणचट असतो. ट्रेवर फॉइल, फॉइलवर तारेची जाळी, जाळीवर तुकड्या, दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा. ओव्हन २२० अंशांवर आधी पूर्ण तापू द्या. वेळेचा जुना ठोकताळा असा की माशाचा सर्वांत जाड भाग एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर असेल तर दहा मिनिटं, अर्धा इंच असेल तर पाच. जाडी मोजायची, वजन नाही. दर ओव्हनगणिक एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून ठोकताळ्याच्या थोडं आधीच एक तुकडी उघडून बघा. सुरीचं टोक जाड भागात घालून हलकेच फिरवा. मांस काचेसारखं पारदर्शक न दिसता दुधाळ दिसलं आणि पाकळी-पाकळी सुटली, की झालं. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी मधोमध ६३ अंश बघावेत.

रंग आणि कुरकुरीतपणा आधीच भाजून आणलेला असल्यामुळे ओव्हनला फक्त मासा शिजवायचा असतो. त्यामुळे जास्त वेळ ठेवायचा मोह होत नाही. पाच माणसांचा मासा एकाच वेळी होतो, तेल तीन चमचे लागतं आणि नंतर फॉइल गुंडाळून टाकायची. जाळी घासावी लागते, ते खोटं सांगणार नाही.

हे तळल्यासारखं लागतं का? कुरकुरीत लागतं, खरपूस लागतं. तळल्यासारखं तंतोतंत नाही लागत. तेलात बुडवलेल्या कवचाला जी एक तुपकट गोडी असते ती इथे कमी असते. तुम्ही हे ताटात वाढताना "बघा, तळल्यासारखाच आहे" म्हणालात तर हराल, कारण मग प्रत्येक घासाला तुलना होणार. नवीन पदार्थ म्हणून वाढा. नाव वेगळं ठेवा, मुलांनाच ठेवू द्या.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, किंवा ज्यांना तव्यावरचाच मासा हवा, त्यांच्यासाठी एक युक्ती. जाड बुडाच्या तव्यात मावेल असा बेकिंगच्या कागदाचा गोल कापा. तवा मध्यम आचेवर तापवा, त्यावर दोन चमचे तेल, तेलावर कागद, कागदावर आणखी चमचाभर तेल, आणि त्यावर कोरडी केलेली तुकडी. मासा चिकटत नाही, कवच तुटत नाही, आणि तवा जवळजवळ स्वच्छ राहतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. कागदाची कड तव्याबाहेर येता कामा नये, खाली ज्योत आहे. आणि मेण लावलेला कागद नको, मेण वितळतं. बेकिंगच्या कागदाच्या पाकिटावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, बहुधा २२० अंशांच्या आसपास. आच मोठी करायचं कारणच नाही.

कागद न वापरता तव्यावर करणार असाल तर धीर धरा. मासा तव्याला चिकटतो तो पहिल्या दोन मिनिटांत. त्या वेळी उलथनं घातलंत की कवच तव्यावर आणि मासा हातात. खालची बाजू भाजून घट्ट झाली की तो आपणहून सुटतो. तवा हलवून बघा, तुकडी घसरली तरच परता. झाकण ठेवू नका. त्याने शिंतोडे थांबतात हे खरं, पण वाफ कोंडते आणि कवच मऊ पडतं. बारीक तारेची गोल जाळी मिळते, तव्यावर ठेवायची. वाफ जाऊ देते आणि तेल अडवते. ती नसेल तर पीठ चाळायची धातूची चाळणी उलटी ठेवली तरी काम भागतं. नॉनस्टिक तवा असेल तर रिकामा तापत ठेवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथे फार लवकर पोहोचतो.

एअर फ्रायरबद्दल माझं मत रोखठोक आहे. ओव्हन घरात असताना पाच माणसांसाठी तो घेऊ नका. तो म्हणजे जोरदार पंख्याचा छोटा ओव्हन. छोटा असल्यामुळे लवकर तापतो आणि दोन माणसांच्या घरात फार सोयीचा, तिथे मी जरूर घ्या म्हणेन. पण दहा-बारा तुकड्यांना त्यातही तीन घाणे लागतील. पहिला घाणा तिसरा होईपर्यंत गार. वासही त्याच्या मागच्या झरोक्यातून फुंकल्यासारखा बाहेर येतो, आणि टोपलीच्या बारीक भोकांतला माशाचा अंश ब्रशने काढावा लागतो. ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी एक सूचना, माझ्याच फजितीतून आलेली. टोपलीत नुसता कागद घालून तो आधी तापवायला ठेवू नका. पंख्याच्या वाऱ्याने कागद वर उडतो आणि थेट तापलेल्या तारेला जाऊन चिकटतो. त्या दिवशी माशाऐवजी कागद खरपूस झाला. कागदावर मासा ठेवूनच टोपली आत सरकवा.

आतापर्यंत आपण कुरकुरीतपणाच्या मागे धावलो. पण खरं सांगू? पसारा कमी करण्याच्या बाबतीत एक पद्धत या सगळ्यांच्या पुढे आहे, आणि ती कुरकुरीत नाही. कागदातला मासा. हातभर लांब बेकिंगचा कागद घ्या, मधोमध दुमडा, उघडा. एका बाजूला कांद्याच्या आणि टोमॅटोच्या पातळ चकत्या, त्यावर मीठ-मसाला लावलेली तुकडी, वर चमचाभर तेल किंवा लोण्याचा तुकडा, लिंबाची एक चकती. कागद मिटा आणि कड बारीक बारीक दुमडत पुढे जा, करंजीला मुरड घालतो तशी. २०० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. पुडी फुगते, वाफ आत फिरते, वास आतच राहतो. प्रत्येकाच्या ताटात एकेक पुडी ठेवायची आणि ज्याने त्याने आपली फाडायची. मुलांना हे फाडणं आवडतं, आणि तोंडावर येणारी पहिली वाफ फक्त ज्याची त्याची असते. पुडी आधी टोचून थोडी वाफ जाऊ द्या, चटका बसतो. घासायला काय उरतं? काही नाही. कागदाऐवजी नुसती फॉइल वापरणार असाल आणि आत लिंबू-टोमॅटो असेल तर मध्ये कागदाचा थर घाला. आंबट आणि मीठ मिळून ॲल्युमिनियमला खातात.

वाफवणंही याच घरातलं. पाणी खळखळ उकळल्यावरच मासा आत ठेवायचा, गार पाण्यापासून सुरुवात केली की तो नुसता भिजत राहतो. पातळ तुकडीला पाच-सहा मिनिटं, इंचभर जाडीला आठ-दहा. ताटलीत जे पहिलं पाणी साचतं त्यालाच हिवस वास असतो. ते ओतून टाका आणि मग वरून गरम तेलात परतलेलं आलं-लसूण घाला. एकट्या राहणाऱ्यांनी एक तुकडी झाकणाच्या काचेच्या भांड्यात मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवावी, मग मिनिटभर तशीच झाकून. कुणाला सांगू नये, पण चांगली होते.

कोणता मासा कशाला, हेही थोडक्यात सांगते. बांगड्यासारखा तेलकट मासा कशातही तरतो, त्याला वरून तेल फारसं लागतच नाही. जाळीवर, ओव्हनमध्ये तो स्वतःच्याच चरबीत भाजतो. मात्र त्याचा वासही जास्त, म्हणून खुल्या तव्यावर कमी आणि पुडीत जास्त करावा. पांढऱ्या मांसाचा, कमी चरबीचा मासा लवकर कोरडा पडतो. त्याला पुडी, वाफ किंवा वरून चुऱ्याचं पांघरूण हवं. आख्खा चपटा मासा असेल तर दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत दोन-तीन तिरक्या चिरा द्या, म्हणजे जाड भाग आणि शेपटी एकदम होतात.

आता वास. त्याचेही दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक कच्च्या माशाचा. समुद्रातला मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं, हिवस वास त्याचा. लिंबू किंवा व्हिनेगर त्याला पकडून ठेवतं, हवेत उडू देत नाही. म्हणून माशाला लिंबू, हाताला लिंबू, विळीला लिंबू, हे अगदी शास्त्रशुद्ध. ताजा मासा आणला तर हा वास मुळातच कमी. दुसरा वास तळणीचा, तापलेल्या तेलाचा आणि त्याच्या तुषारांचा. त्याला लिंबू काही करत नाही. मासा झाल्यावर गॅसवर व्हिनेगरचं पाणी उकळत ठेवलं की स्वयंपाकघराला व्हिनेगरचा वास येतो, पडद्यावर बसलेलं तेल जागेवरच राहतं. ते फक्त साबणाने निघतं. म्हणून ते बसूच देऊ नये. पंखा किंवा चिमणी शेगडी पेटवण्याच्या पाच मिनिटं आधी सुरू करा आणि झाल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. झोपायच्या खोल्यांची दारं बंद. बसायच्या खोलीचे पडदे तेवढ्या वेळापुरते गुंडाळून वर खोचा, हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे. माशाची भांडी आधी गार पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबण. गरम पाण्याने प्रथिनं भांड्यालाच शिजून चिकटतात आणि वास राहतो. काटे-कल्ले त्याच संध्याकाळी बाहेर. कचरा उद्या जाणार असेल तर पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा.

सिंकखालच्या तीन बाटल्या: सिंकमध्ये ओतू नका, नळीत गोठून नळी तुंबते. काही ठिकाणी वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करतात, तुमच्याकडे तसं कुणी नेतं का विचारा. नसेल तर जुन्या कागदात किंवा लाकडाच्या भुशात शोषून कोरड्या कचऱ्याबरोबर द्या. थोडं थोडं, एकदम नाही.

आता राहिली ती कढई. तुम्ही गृहीत धरलं आहे की ती कढई म्हणजे सासूबाईंची नाराजी. असेलही. पण मला आणखी एक शक्यता दिसते. सून गेल्या वेळी फसली, बिचारीला त्रास नको, म्हणून त्यांनी मदत म्हणून भांडं काढून ठेवलं. दोन्हींत कढई ओट्यावरच दिसते. खरं काय ते विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही विचारलेलं नाही. त्यांना हेही माहीत नसेल की तुम्ही घसरलात. घरात कुणाकुणाला माहीत आहे, असं तुमच्या पत्रातून मला कळलं नाही. आधी ते सांगा. वाद घालायचा म्हणून नाही, फक्त माहिती म्हणून.

मग पर्याय मांडा. महिन्यातून एक रविवार कढईचा, साग्रसंगीत, सगळ्यांच्या आवडीचा. त्या दिवशी जो तळत नाही तो पुसतो, हा नियम आधी ठरलेला. ज्याला तळलेलाच मासा हवा त्याने एकदा ती पंख्याची जाळी घासून बघावी, मग चर्चा सोपी जाते. उरलेले रविवार ओव्हन, तवा, पुडी. आणि तुम्हाला अगदीच नकोसं झालं असेल तर तीन महिने घरात मासा बंद, हाही निर्णय आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मात्र तो दमल्याच्या संध्याकाळी घेऊ नका.

कढईच्या रविवारसाठी एकच गोष्ट, कारण घरात मुलं आहेत. कढई निम्म्याहून जास्त भरू नका. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात टाकायचं नाही. वर सांगितलेला थेंब आठवा, इथे तो पेलाभर असेल. गॅस बंद, घट्ट बसणारं झाकण वर, आणि गार होईपर्यंत उघडायचं नाही. ते झाकण तळायला सुरुवात करण्याआधीच हाताशी असू द्या.

येत्या रविवारी सकाळी कढई ओट्यावर दिसली तर उचलून ठेवू नका. चुरा भाजायला ती लागणारच आहे. सासूबाईंना म्हणा, तेवढा भाजून द्या, रंग कुठे थांबवायचा ते मला जमत नाही. बदामीच्या पुढे गेला तर कडू होतो, हे त्यांना तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.